सी-सॉवरची दोघं

गुडघे कितीही कुरकुरले तरी बदलापूरच्या कुमुदकाकू रोज तिन्हीसांजेला जिना उतरायच्या, त्या खऱ्याखुऱ्या जागी चालत जाऊन खेळायच्या मोबाइलवरच्या एका खेळापायी. सोसायटीच्या मैदानातला सी-सॉ हा त्या खेळातला थांबा होता; तिथे पोचलं की मोबाइलवर बक्षीस मिळायचं. चेअरमन चौबळांना ते खुपायचं. सी-सॉवर भूत आहे, अशी आवई त्यांनी उठवली. पोरं पांगली, काकू हटल्या नाहीत.

मग चौबळांनी मैदानातच सभा बोलावली. "खासगी अंगणात थांबा चालत नाही, असा खेळाचाच नियम आहे. ही जागा माझ्या फ्लॅटमागची, म्हणजे माझी खासगी. उद्याच खेळाच्या कंपनीला कळवून थांबा काढायला लावतो!"

तेवढ्यात, वाऱ्याची झुळूकही नसताना, रिकामा सी-सॉ खालीवर होऊ लागला. सगळी सभा चार पावलं मागे सरली.

काटा काकूंच्याही अंगावर आला, पण जीभ शाबूत होती. "चौबळसाहेब, सी-सॉ एकट्याला खेळता येत नाही. म्हणजे ही दोघं आहेत. जागा सगळ्यांची असेल, तर ही दोघं सगळ्यांची पाहुणी. पण तुमची खासगी असेल, तर ही दोघं तुमच्याच घरची. मग जेवायला आत नेताय ना त्यांना?"

"सामाईक! जागा सामाईक आहे!" चौबळ किंचाळले.

सी-सॉ थांबला, दोन्ही टोकं अधांतरी ठेवून. काकूंच्या मोबाइलवर अक्षरं उमटली: दोन नवे खेळाडू तुमच्या शेजारी आहेत.