पहिले नऊ हात

"बुवा, पोटचं पोर मारायचं असेल तर परवानगी कुणाची घ्यावी लागते?"

दाजीबुवांनी हातातला दगड फिरवून पाहिला. एक बाजू बसेना, म्हणून दुसरी करून पाहिली.

"पोराची," ते म्हणाले. "त्याला विचारलंस?"

पुरुषोत्तम आंबर्डेकरने कपाळावरचा घाम पुसला. गाडी खाली लावून कातळाचा उघडा सडा चढून येईपर्यंत त्याने हा प्रश्न चांगला घोटून आणला होता. कादंबरीकार माणूस. पहिलं वाक्य असं टाकायचं की समोरच्याने दचकलंच पाहिजे. आणि इथे म्हातारा दगडावरची नजरसुद्धा काढेना.

मठ म्हणजे एक खोपटं, एक विहीर आणि एक फणस. बाकी सगळा कातळ. त्या कातळाला वळसा घालत गेलेला बुवांचा गडगा. माती नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड बसवून उभी केलेली भिंत. वाडीतले लोक म्हणत, अर्धा कोस लांब आहे. बुवा दोन कोस सांगत. आत शिरायला वाट शोधत रानडुक्कर निघतं, बुवा म्हणत, ते गडग्याचं टोक सापडेपर्यंत म्हातारं होतं आणि कशाला आलो होतो तेच विसरून परत जातं.

"पोर म्हणजे पुस्तक," पुरुषोत्तम शेवटी म्हणाला.

"मग तसं म्हण की मेल्या. मी पोलीसपाटलाला हाक मारणार होतो."

"पहिली कादंबरी. 'वादळवेणा'. पंचवीस वर्षं झाली म्हणून प्रकाशक पुन्हा काढतोय. मी नाही म्हणणार आहे. माझ्या पुस्तकांच्या यादीतूनही तिचं नाव उडवणार." त्याने खिशावर हात ठेवला. "पत्र लिहून आणलंय. पण अर्पणपत्रिकेत तुमचं नाव आहे. तुम्ही हो म्हणालात की उतरताना पोस्टात टाकतो."

"एवढी वाईट आहे?"

"भयंकर. नायिका सत्तावन्न वेळा रडते. परवा मोजलं."

"अठ्ठावन्न."

"काय?"

"खालच्या वाडीतली शेवंता दर पावसाळ्यात सुनेकडून वाचून घेते. सून वाचते, सासू रडते. ते एक धर."

पुरुषोत्तमला हसू आलं नाही. त्याच्या नावावर सहा कादंबऱ्या होत्या. घरात सत्काराच्या शाली इतक्या, की एखाद्या हत्तीला हिवाळा काढता आला असता. आणि सासवासुनांनी मिळून रडावं असं पुस्तक आपल्या नावावर आहे, ही गोष्ट त्याला बुटातल्या खड्यासारखी टोचत होती.

"आता मी तसं लिहीत नाही, बुवा," तो म्हणाला. "नव्या कादंबरीत एका बाईचा नवरा जातो. मी डोळ्यांतून एक थेंब काढलेला नाही. सकाळी ती सवयीने दोन कप चहा टाकते. गाळते. मग एक कप परत पातेल्यात ओतते... बस. एवढंच."

बुवांचा हात थांबला. तो आल्यापासून पहिल्यांदाच.

"हे बरं आहे," ते म्हणाले. "कुठून आलं?"

"माहीत नाही. आलं."

"हूं..."

"सव्वीस वर्षं लागली एवढं कमी लिहायला," पुरुषोत्तम म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता, तो त्याने खाली आणला. "आणि ते तुमच्यामुळे. खरंच सांगतो. इथे आलो नसतो तर..."

"मी काय केलं? मी आयुष्यात शाळेच्या हजेरीपटाशिवाय काही लिहिलं नाही. तू गोष्ट सांगायला शिकवा म्हणून आलास. मी तुला दगड वाहायला लावलं."

"तेच ते."

"चल," बुवा गुडघ्यावर हात टेकत उठले. "तुझा गडगा बघू."

पुरुषोत्तम नाइलाजाने त्यांच्या मागे निघाला. चोवीस वर्षांचा असताना चार महिने खपून त्याने नऊ हात गडगा घातला होता. तेव्हा त्याला तो किल्ल्याचा तट वाटला होता.

फणसाच्या पलीकडे उतारावर तो अजून उभा होता. मधोमध पोट काढून. जेवून उठलेल्या भटजीसारखा.

"अरे देवा," पुरुषोत्तम म्हणाला. "हा अजून आहे?"

"तू सांगितल्याशिवाय कुठे जाणार?"

"पाडू द्या मला. आता येतं मला, बुवा. संध्याकाळपर्यंत सरळ करून देतो."

"पाड."

बुवा फणसाच्या मुळावर बसले आणि त्यांनी तंबाखूची चंची उघडली. सवलत दिल्यासारखा सूरही नव्हता. नुसतं, पाड.

पुरुषोत्तमने बाह्या दुमडल्या. वरचा थर उतरवला. दुसरा थर उतरवला. तिसऱ्यातला एक मोठा दगड हलवला, तर आतून एक टोकदार तोंड बाहेर आलं. मुंगूस. त्याने कादंबरीकाराकडे असं पाहिलं, की दारावरची घंटा न वाजवता आत आलेला माणूस शरमावा. मग ते तोंड परत आत गेलं.

"तुझ्या गडग्याच्या पोटात राहतं," बुवा म्हणाले. "तू गेलास त्या वर्षीपासून."

"तेच?"

"नाहीतर त्याचा पणतू. आम्ही विचारत नाही. याच्यामुळे मठात साप नाही. म्हटलं, भाडेकरूला काढायचं तर घरमालकाला विचारायला पाहिजे. घरमालक पुण्यात शाली गोळा करत होता."

पुरुषोत्तम दगड मांडीवर घेऊन खाली बसला. बसल्यावर नजर भिंतीच्या उंचीला आली, आणि तिथून त्याला आपल्या नऊ हातांच्या पुढचा गडगा आडवा दिसला.

त्याने मान तिरकी करून पुन्हा पाहिलं.

"बुवा... माझ्यापुढचा कुणी घातला?"

"मी."

"तोही वाकडा आहे."

"आहे."

"तुमचा हात तर ओळंब्यासारखा चालतो."

"चालतो."

"मग?"

बुवांनी तंबाखू मळली. वाऱ्याकडे पाठ करून चुना झटकला.

"तुझ्या टोकापासून पुढं जायचं होतं," ते म्हणाले. "एकदम सरळ घेतला असता तर सांधा राहिला असता. पहिल्या पावसाळ्यात तिथूनच गेला असता. म्हणून आधी तुझ्याइतका वाकडा गेलो. मग जरा कमी. मग आणखी कमी..."

त्यांचा हात हवेत सरकत गेला आणि सरळ झाला.

"कुठपर्यंत?"

"त्या आंब्याच्या खुंटापर्यंत."

खुंट साठ हात लांब होता.

"किती दिवस लागले?"

"तीन वर्षं. मुद्दाम वाकडं जायला हात नव्याने शिकवावा लागतो."

"माझे नऊ हात पाडून नव्याने घालायला?"

"अर्धा दिवस."

वारा मंदावला होता. विहिरीवर रहाटाला बांधलेली दोरी तेवढी हलत होती. सहा कादंबऱ्यांच्या लेखकाने मांडीवरचा दगड खाली ठेवला. तो उठला आणि बुवांच्या पायांकडे वाकला.

बुवांनी पाय वर ओढून घेतले. "हात बघ, दगडाच्या धुळीने लाल झालेत. आजच धोतर धुतलंय."

मग पुरुषोत्तमने खिशातून पत्राचं पाकीट काढलं. चार तुकडे केले. टाकायला जागा शोधू लागला, तोच बुवांनी हात पुढे केला.

"इकडे आण. चुलीला होतील."

"बुवा, तुमच्या नावाचं काय? त्या पुस्तकावर..."

"राहू दे. शेवंता आधी तेच पान वाचायला लावते. माझं नाव आलं की सुनेला म्हणते, हा बघ, आपला बुवा."

पुरुषोत्तम गडग्याशी गेला. त्याने उतरवलेले दगड एकेक उचलायला सुरुवात केली. सरळ करायची आठवणसुद्धा त्याला झाली नाही. मुंगसाचं दार मोकळं ठेवलं. जिथे भिंत बाहेर झुकत होती तिथे ती झुकू दिली. फक्त आता हात आपसूक दगड फिरवून बघत होते, एक बाजू, मग दुसरी. जुनी फट दिसली की त्यात जाणारा दगड बोटांना आधीच कळत होता.

उन्हं फणसाच्या शेंड्यावर गेली तेव्हा गडगा होता तसा झाला. तेवढाच उंच. तेवढाच वाकडा. पोटसुद्धा तेच.

पुरुषोत्तमने हात झटकले आणि खाली पाहिलं.

पायाशी एक दगड होता.

त्याने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. कुठे खाच नव्हती. वरचा थर पुरा होता. मुंगसाचं दार सोडलं तर बोट शिरेल एवढीही जागा नव्हती.

"बुवा," तो गोंधळून म्हणाला, "बाहेरून एकही दगड आणला नाही. काढले तेवढेच लावले. आणि हा एक उरला."

बुवा उठून आले. त्यांनी दगडाकडे पाहिलं नाही. भिंतीवरून तळहात फिरवला, हळू, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. नऊच्या नऊ हात.

मग वळून वरच्या अंगाला चालू लागले, जिथे सकाळी त्यांचं काम अर्धवट राहिलं होतं.

"घेऊन ये तो," ते म्हणाले. "पुढचं टोक अजून उघडंच आहे."