विहिरीने दिलेला हुकूम

कोंसूच्या बापाला, पास्कूला, सूर्य मावळायच्या आत मुलूख सोडून जायचं होतं. अपराध काय? तर ईस्टरच्या मिस्सेच्या प्रार्थनेला त्याने चर्चची घंटा वाजवली! गुड फ्रायडेला मुकी असलेली घंटा ईस्टरला वाजणारच. पण पहिल्या बाकावर बस्त्यावराजे घोरत होते, हे पास्कूला मनोऱ्यातून कसं दिसावं? घण्ण्! राजे दचकून बाकाखाली, पगडी पाद्रीबाबांच्या पायाशी आणि सगळं गाव खो खो हसतंय!

"हाकला त्याला!" राजे ओरडले. "मुलखातून हाकला!"

बोलून गेले आणि दुपारपर्यंत पस्तावले. घंटा वाजवावी ती पास्कूनेच, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण जीभ सैल आणि मान ताठ, असा माणूस!

कोंसू तडक दरबारात गेली.

"राजे, शब्द मागे घ्या."

"राजाचा शब्द म्हणजे सुटलेला बाण, पोरी! तो कधी परत आलाय?"

"आणि आला तर?"

"तर तुझा बाप सुटला! क्रुसाची शपथ!"

पुन्हा विचार न करता बोलून बसले! शेजारी बसलेल्या पाद्रीबाबांनी कपाळाला हात लावला.

घरी बाप रडत रडत गाठोडं बांधत होता. तरी कोंसू हसून म्हणाली, "मग चला चर्चमागच्या विहिरीवर. शिपाईही घ्या!"

विहीर कोरडी आणि खूप खोल. कोंसूची लहानपणापासूनची मैत्रीणच ती!

"आता वाका, आणि सकाळचाच शब्द सोडा. तेवढ्याच रागाने!"

राजांना रागवायला वेळ लागत नसे. "हाकला त्याला!"

विहीर गरजली, "हाकला त्याला! हाकला त्याला!"

"शिपाईदादा, हुकूम ऐकलात ना?" कोंसू म्हणाली. "विहीर म्हणतेय 'त्याला', आणि तिच्यासमोर तर एकटे राजेच उभे आहेत!"

शिपाई हुकुमाचे ताबेदार. डोकं चालवायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी राजांचे दोन्ही दंड धरले आणि निघाले की ओढत!

"अरे गाढवांनो, सोडा! हुकूम कसला? माझाच शब्द आहे तो!"

"तुमचाच? नक्की?" कोंसूने विचारलं.

"माझाच! माझाच!"

"म्हणजे आला की परत!" कोंसूने हात जोडले. "आता बाबांना सोडा."

राजे पोट धरून हसत सुटले. "हरलो, पोरी! माग, काय हवं ते माग!"

"रोज प्रार्थनेत म्हणता ना, देवा, माझ्या तोंडावर पहारा बसव? हा घ्या पहारेकरी! यापुढे प्रत्येक हुकूम आधी या विहिरीत सोडायचा. स्वतःच्या कानाला बरा वाटला, तरच द्यायचा!"

"कबूल!" राजे तिथेच वाकले. "पास्कूला रेशमी कोट द्या!"

"कोट द्या! कोट द्या!" विहीर म्हणाली.

"ऐकलंत?" कोंसू म्हणाली. "विहीर दोन म्हणतेय!"

राजे इतके हसले की पगडी विहिरीत पडली! आणि पास्कूने संध्याकाळची घंटा वाजवली ती दोन्ही कोट एकावर एक चढवून.