रायवळाचे फुटवे

फार मागे, कोकणातल्या एका चर्चच्या परसात रायवळ आंब्याचं रोप होतं. रविवारच्या शब्बाथशाळेत मुलांना शिकवणाऱ्या ओबेदमास्तरांनी त्यावर हापूसची काडी बांधून कलम केलं. काडीला काहीच येत नव्हतं. रायवळाने तिला पाणी ओढायला शिकवलं, वाऱ्यात उभं राहायला शिकवलं.

काही वर्षांनी हापूसला आंबे धरले. पहिले आंबे प्रथमफळ म्हणून वेदीवर गेले आणि सगळी मंडळी म्हणाली, "काय हापूस आहे."

रायवळाच्या पोटात दुखू लागलं. मुळं माझी, पाणी माझं, आणि नाव त्या काडीचं! त्याने कलमाच्या जोडाखाली हळूच स्वतःचे फुटवे काढले आणि सगळा रस त्यांना दिला. वरचा हापूस सुकू लागला.

"दादा, माझं काही चुकलं का?" हापूसने विचारलं. रायवळाने आणखी एक फुटवा काढला.

पिवळी पानं पाहून ओबेदमास्तर थेट बुंध्याशी वाकले.

"मास्तर, ते फुटवे माझे आहेत," रायवळ म्हणाला. "मलाही फळू द्या की."

"अरे, वर लागतात ते आंबे कुणाच्या पाण्यावर?" मास्तर म्हणाले. "आमच्या चर्चचे पाळक लहानपणी माझ्याच शब्बाथशाळेत शिकले. त्यांच्या उपदेशाची वाहवा ऐकली की मलाही असे फुटवे येतात. प्रार्थनेला गुडघे टेकले की खुडतो."

रायवळाने फुटवे खुडू दिले.

पुढच्या उन्हाळ्यात प्रथमफळ पुन्हा वेदीवर गेलं. रायवळाचं नाव कुणी काढलं नाही. फक्त मास्तरांनी आंबे धुतलेलं पाणी आणून त्याच्या बुंध्याशी ओतलं. त्या पाण्याला हापूसचा वास होता.