नळावरचा हार

नगरसेवक भालचंद्रराव खटावकर दर रविवारी वॉर्डात फेरी मारायचे. या रविवारी कासार आळीत शिरले आणि थबकले. सार्वजनिक नळावर त्यांचाच फोटो टांगलेला, त्याला चंदनाचा हार, पुढे उदबत्ती!

"अहो, मी जिवंत आहे!" भालचंद्रराव किंचाळले. "कुणाचा हा चावटपणा?"

रिकामी कळशी खाली ठेवून यमुनाकाकू पुढे आल्या. "साहेब, निवडणुकीत इथेच उभं राहून म्हणाला होतात, माझ्या जिवात जीव आहे तोवर हा नळ कोरडा पडणार नाही. महिना झाला, थेंब नाही. आता तुमच्यासारख्या माणसाचा शब्द खोटा कसा मानायचा?"

भालचंद्ररावांचा हात हाराकडे गेला.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "पाणी आलं की आम्हीच काढू."