भुईकाट्यावरचा आळ

घाटाखालच्या एका गावात रंभाजीआप्पांचा भुईकाटा होता. भरलेली गाडी लोखंडी पाट्यावर उभी करायची, की शेजारच्या खोलीतल्या संगणकावर तिचं वजन उमटायचं आणि पावती निघायची. पंचक्रोशीत आप्पांच्या पावतीवर कोणी शंका घेत नसे. आप्पांनाही ते ठाऊक होतं, जरा जास्तच ठाऊक होतं. संगणकावर जालिंदर नावाचा तरुण बसायचा. मान खाली, काम सरळ.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यासमोर टोमॅटोच्या गाड्यांची रांग लागली. सणामुळे काटा बंद होता, त्यामुळे माल साचलेला. जालिंदरने संगणकाचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, जोर लावून दाबलं. ना दिवा लागला, ना पंख्याची घरघर आली.

सुरुवातीला कोणी घाबरलं नाही. जालिंदरने त्याच प्लगमध्ये टेबलफॅन लावून पाहिला. फॅन फिरला, म्हणजे वीज येत होती. मग मॉनिटरची वायर काढून सीपीयूला जोडली, पाठीमागचा स्विच तपासला. डबा आपला ढिम्म. मेकॅनिकला फोन लावला, तर तो एसटीत बसलेला आणि संध्याकाळशिवाय काही पोहोचत नव्हता. त्याने एवढंच सांगितलं, की डबा उघडायच्या आधी बाहेरून नीट बघा, घाई करू नका.

घाई करू नका, हे सांगायला काय जातं? ऊन चढत होतं. क्रेटांच्या तळातून टोमॅटोचं पाणी रस्त्यावर ठिबकायला लागलं. गाड्या दुपारच्या आत निघाल्या नाहीत, तर माल बाजाराऐवजी उकिरड्यावर जाणार होता. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेनात. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणालं, की जालिंदर परवा हायवेवरच्या नव्या काट्यावर चहा पीत बसला होता. झालं. संशयाला एवढं पुरतं. आप्पांच्या डोक्यात भराभर जुळत गेलं. संगणक शेवटी बंद कोणी केला? जालिंदरने. खोलीची किल्ली कोणाकडे? जालिंदरकडे. हा काटा बंद पडला तर फायदा कोणाचा? नव्या काट्याचा. खरं तर खोलीची दुसरी किल्ली आप्पांच्याच कमरेला लटकत होती, पण अशा वेळी स्वतःच्या कमरेकडे बघतो कोण!

"आत काय करून ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आप्पा. मला नीट बघू तरी द्या."

"आता हात लावायचा नाही."

आप्पांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. बाहेर येऊन सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, की यंत्र बिघडलेलं नाही, बिघडवलेलं आहे, आणि कोणी बिघडवलं ते मी वेगळं सांगायला नको. जमाव आधीच तापलेला होता. एका ड्रायव्हरने जालिंदरची कॉलर धरली, शर्ट खांद्यापाशी टरकला. त्याला कडुलिंबाखाली नेऊन घेरून उभं केलं. कोणी म्हणे पोलिसांत द्या, कोणी म्हणे आधी चार ठेवून देऊ. जालिंदर एकच सांगत होता, मी काही केलं नाही.

रांगेत त्याचे वडीलही होते, स्वतःच्या मळ्यातला माल ट्रॅक्टरवर घेऊन आलेले. म्हातारा खाली उतरला आणि गर्दीतून वाट काढत मुलासमोर आला.

"खरं सांग, पोरा. केलंस का?"

जालिंदरने बापाकडे पाहिलं. त्यानंतर त्याने तोंडच उघडलं नाही. गप्प बसला म्हणजे केलंच असणार, असं लोक धरून चालले.

आप्पा खोलीत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाहेरचा गलका वाढत होता. आता आपल्यालाच काहीतरी करणं भाग आहे, हे त्यांना कळत होतं. मेकॅनिक बाहेरून बघा म्हणाला होता, म्हणून ते सीपीयूसमोर खाली बसले, चष्मा पुसला. सुकलेली झेंडूची माळ बाजूला सारली. बटणावर हळदीकुंकवाचा थर वाळून घट्ट झाला होता. त्याखाली बटण आत रुतून बसलं होतं, दाबलं तरी तसंच, सोडलं तरी तसंच. आप्पांनी टाचणीने कडेकडेने टोकरलं, तेव्हा फटीतून एक पिवळा तांदूळ निघाला. अक्षतेचा दाणा. बटण टक् करून वर आलं. त्यांनी ते दाबलं आणि पंखा घरघरला.

आनंद व्हायचा, तर आप्पांना घाम फुटला. खंडेनवमीला काटा बंद करून जालिंदर घरी गेला होता. संध्याकाळी कमरेची किल्ली लावून आप्पांनीच खोली उघडली होती, यंत्राची पूजा एकट्याने केली होती. ओली हळद, ओलं कुंकू अंगठ्याने दाबून लावलं होतं आणि वर मूठभर अक्षता टाकल्या होत्या. सगळं आत्ता आठवलं.

खिडकीतून कोणीतरी पाहिलं आणि आप्पांनी संगणक चालू केल्याची बातमी बाहेर पसरली. लोक त्यांची वाहवा करू लागले. दाणा आप्पांच्या मुठीत होता. तो निघताना कोणी पाहिलं नव्हतं. कोणी विचारलंच, तर आतली वायर सुटली होती म्हटलं की भागलं असतं. गावाने इतकी वर्षं दिलेला मान एका तांदळापायी घालवायचा? आप्पा मूठ आवळून उभे राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि तरीही पाय उचलत नव्हता.

तोच कडुलिंबाखालून थोबाडीत मारल्याचा आवाज आला.

आप्पा दार ढकलून धावत सुटले. "सोडा त्याला," ते म्हणाले. "हे मी केलंय."

त्यांनी मूठ उघडून दाणा दाखवला. पूजेचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं, आणि न बघता, न विचारता एका सरळ पोरावर आळ घेतला हेही सांगितलं. सांगताना त्यांना रडू आलं. गर्दी गुपचूप पांगली. कॉलर धरणारा खाली मान घालून आपल्या गाडीकडे गेला.

जालिंदर फाटक्या शर्टानेच खुर्चीवर जाऊन बसला. एकेक गाडी तोलली गेली, निघाली. आपला ट्रॅक्टर सगळ्यांच्या मागे लावून म्हातारा वाट बघत होता. त्याची पावती देताना जालिंदरने वर पाहिलं नाही. आप्पा हात जोडून म्हाताऱ्यापुढे गेले.

"माझ्याकडे कशाला माफी मागता, आप्पा?" म्हातारा म्हणाला. "तुम्ही परके. मी बाप असून विचारलं."

जालिंदरने संगणक नीट बंद केला, खोलीतून बाहेर आला आणि घराच्या वाटेने चालू लागला. आप्पांनी हाक मारली, त्याने ऐकलं नाही. म्हाताऱ्याने ट्रॅक्टर बाजाराकडे न नेता त्याच्या मागे वळवला. माल नासेल याची त्याला पर्वा नव्हती. "बस ना, पोरा," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जालिंदर चालतच राहिला.

तात्पर्य: बिघाड शोधताना आधी आपले हात कुठे कुठे लागले ते आठवावं, मग दुसऱ्याकडे बोट दाखवावं. आळ मागे घेता येतो, पण त्याने माणसाच्या घरात पेरलेला संशय आपल्याला उपटता येत नाही.