भाल्याची खूण

तालुक्याच्या स्पर्धेत अध्यक्ष तात्यासाहेबांच्या पुतण्याचा भाला सपशेल आडवा पडला. पंच खोपडेबाईंनी लाल झेंडा वर केला, तसे तात्यासाहेब मांडवातून तरातरा आले.

"बाई, टोकच आधी टेकलं! मी या डोळ्यांनी पाहिलंय. मोजा अंतर, नाहीतर उद्यापासून पंचगिरी विसरा!"

खोपडेबाईंनी वाद घातला नाही. टेपची कडी त्यांच्याच हातात दिली. बाई नमल्या की काय, म्हणून सगळं मैदान टवकारून बघू लागलं.

"मोजते की, साहेब. टोक टेकलं तिथं ही कडी धरा."

तात्यासाहेब वाकले. ओल्या मातीत भाल्याएवढा लांब ओरखडा होता, पण टोकाचं भोक कुठंच सापडेना.

"शोधा सावकाश," बाई म्हणाल्या, "फक्त जरा बाजूला सरकून. पुढच्या पोराचा भाला टोकावरच पडतो."