स्वप्नातलं पाणी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. त्या राज्यात स्वप्नांचा अर्थ सांगणारा एक पंडित होता. दात पडल्याचं स्वप्न पडलं, की घरातलं वडीलधारं माणूस जाणार. साप दिसला, की धनलाभ होणार. लोक सकाळीच त्याच्या ओसरीवर येऊन बसत आणि तो सांगेल तसं वागत. सांगितलेलं खरं ठरलं, की नारळ घेऊन येत. खोटं ठरलं, तर नशिबाला दोष देऊन घरी बसत. अशानं कुणाचाही मोठेपणा वाढतो, तसा त्याचाही वाढला.

एका उन्हाळ्यात त्याच्या एकुलत्या एका मुलीला ताप आला. सात वर्षांची पोर. दुपारी ग्लानीतून डोळे उघडून ती म्हणाली, "बाबा, मला स्वप्नात नदी दिसली. केवढं पाणी!"

पंडिताचा चेहरा उतरला. त्यानं पोथी उघडली. आजाऱ्याच्या स्वप्नात पाणी येतं ते त्याला न्यायला येतं, असं तिच्यात लिहिलं होतं. उपायही होता. तीन दिवस आजाऱ्याच्या ओठांना पाणी लागू द्यायचं नाही, म्हणजे आलेलं पाणी माघारी जातं. मुलीवर त्याचा फार जीव होता, म्हणून घरातले हंडे-कळश्या त्यानं स्वतः उचलून बाहेर नेऊन ठेवल्या.

"अहो, तहान लागलीय हो तिला," बायको कळवळून म्हणाली.

"स्वप्नातलं पाणी म्हणजे पाणी नसतं. तुला त्यातलं काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी मुलीला स्वप्नात विहीर दिसली. आईनं पदराचं टोक भिजवून आणलं, तर पंडितानं तिचा हात धरला. तिसऱ्या दिवशी मुलीला बोलायलाही जमेना. त्यानं तिच्या ओठांशी कान नेला, तेव्हा ती पुटपुटली, "तांब्या दिसला... रिकामा."

पंडित आनंदानं उठला. "नदीची विहीर झाली, विहिरीचा तांब्या झाला! पाणी ओसरतंय गं! वाचली आपली पोर!"

आईनं मान वर केली नाही. मुलीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. दिवस मावळायच्या आत मुलगी गेली.

पंडितानं पोथी चुलीत घातली. बायको त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं म्हणायचं तोंडही त्याला उरलं नाही.

महिन्याभरानं लांबच्या गावाहून एक हडकुळा माणूस आला. म्हणाला, "महाराज, रोज स्वप्नात भाकरी दिसते. याचा अर्थ काय?"

पंडितानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बाबा रे, शेवटचा कधी जेवलास?"

माणूस रागावला. "भूक लागलीय हे मलाही कळतं! मी अर्थ विचारायला आलो होतो."

पंडित आतून भाकरी घेऊन आला, तेव्हा ओसरी मोकळी होती. दुसऱ्या पंडिताचं घर विचारत तो माणूस वाटेला लागला होता.

लहानांनो, मोठ्यांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: स्वप्नाचा अर्थ लावण्याआधी, ते ज्याला पडलं त्या माणसाकडे बघावं.